सौरऊर्जा : खंड कोणाला, झळ कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा प्रमुख भाग)



सौरऊर्जेचे स्वागत करावे की तिला विरोध करावा, या वादात मी आपला वेळ घेणार नाही. भर थंडीत मध्यरात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळत असेल, तर तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय सूर्यप्रकाशाला ना खाण लागते, ना राखेचा तलाव. प्रश्न विजेचा नाही, जमिनीचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. एक मेगावॉटला साधारणतः चार ते पाच एकर जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला, तेव्हा उद्दिष्ट ७ हजार मेगावॉटचे होते; पुढे ते १६ हजारांवर नेण्यात आले. पाच एकरांच्या हिशेबानेही ही जमीन सुमारे ३२ हजार हेक्टर भरते. राज्यातील पेरणीखालचे क्षेत्र दीड कोटी हेक्टरांहून अधिक आहे. त्याचा शेकडा पाव हिस्साही यात जात नाही. तेव्हा पॅनेलांखाली शेती गडप होईल, ही ओरड आपण करू नये. खरा प्रश्न आहे तो कोणती जमीन आणि कोणाची जमीन, हा.

रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा सुपीकता हा त्याचा मुख्य आधार होता. आज माळरानाला खंड मिळू लागला आहे, तो मातीच्या कसामुळे नव्हे, तर वीज उपकेंद्र जवळ असल्यामुळे. आपल्या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, भाडे ठरले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे उत्पन्न परवडेल, यात शंका नाही; त्याने ते नाकारावे असे सांगणारा मी कोण? पण हे भाडे सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला मिळते.

याचा अर्थ कर्नाटकातील पावगड येथे स्पष्ट दिसतो. तुमकूर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात सुमारे १३ हजार एकरांवर २०५० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. जमीन संपादित न करता शेतकऱ्यांकडून एकरी वार्षिक २१ हजार रुपयांनी भाड्याने घेतली गेली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, ही गोष्ट निश्चितच चांगली. धुळे जिल्ह्यातील विखरणच्या संपादनाशी तिची तुलना करून पाहा. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याने सौर प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी हेलपाटे घातले आणि अखेर जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले; त्यात त्यांचा अंत झाला. पण पावगडचाही हिशेब पुरता मांडला पाहिजे. पन्नास एकरवाल्याला वर्षाला साडेदहा लाख, दोन एकरवाल्याला ४२ हजार. आणि त्याच रानात निंदणी-कापणी करणाऱ्या भूमिहीन बाईला, मेंढ्या चारणाऱ्याला काहीच नाही. कुंपण पडले की त्यांची मजुरी आणि चराई दोन्ही जातात. त्यांच्यापाशी भाडेपट्ट्याचा कागद नसतो, म्हणून नुकसानभरपाईच्या रकान्यात त्यांचे नाव येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न गायरानावर अधिक तीव्र होतो. योजनेसाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. नकाशावर ती मोकळी दिसते. प्रत्यक्षात मराठवाड्यातील कित्येक गायराने दलित आणि पारधी कुटुंबे पिढीपासून कसत आहेत. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले, ते याच मागणीसाठी. १९७८ ते १९९० या काळातील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरीही अनेकांची नावे अद्याप सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. त्यांना आज अतिक्रमक म्हणून उठवायचे आणि उद्या तीच जमीन कंपनीला पंचवीस-तीस वर्षांसाठी द्यायची, याला विकास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे अनुदान आहे, पण ते तीन वर्षांपुरते.

सहकार हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर सहकारी मंडळी स्थापन केली. ते आपल्या पंपांची उरलेली वीज विकतात. उपक्रम स्तुत्यच. मात्र सहकाराचे नाव निघाले की मला आपले साखर कारखाने आठवतात. तेथे ऊस पिकवणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही. गायरानावरील सौर संस्थेत जमीन कसणारे आणि जनावरे चारणारे यांना भागभांडवल न मागता सभासदत्व दिले पाहिजे, आणि भाड्याचा हिस्सा करार संपेपर्यंत त्यांच्या खात्यात गेला पाहिजे. तसेच पॅनेले थोडी उंच बसवली तर खाली शेळ्या-मेंढ्या चरू शकतात. उभारणीचा खर्च वाढतो खरा, पण तो निविदेतच धरता येतो.

आपल्या तालुक्यात प्रस्ताव आला की ग्रामसभेच्या आधी ते गायरान पायी फिरून पाहा. कोण काय पेरते, कोणाची गुरे कोठे चरतात, १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या कोणाच्या पेटीत आहेत, याची यादी करा. ती यादी ठरावाला जोडण्याचा आग्रह धरा.