आठवण टिकते कशी?



आठवण तयार होते कशी, हे नवलच. पण ती टिकते कशी, हे मला त्याहून मोठे नवल वाटते.

मेंदूतील दोन पेशींच्या सांध्यात बहुधा एक सूक्ष्म फट असते. एकीतून सुटलेले रसायन ती ओलांडून दुसरीला निरोप देते. टिमोथी ब्लिस व टेर्ये लोमो यांनी ओस्लो येथे सशांवर केलेले प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाला त्यांनी विजेचे भराभर धक्के थोडा वेळ दिले. पुढे तासन् तास तिथले सांधे अधिक जोराने निरोप पोचवीत राहिले.

निरोप घेणाऱ्या पेशीला एक विशेष दार असते आणि त्यात मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. निरोप यावा आणि त्याच वेळी पेशीही जागी असावी, तरच ते सुटते. मग कॅल्शियम आत शिरते, प्रथिनांना कामाला लावते, आणि सांध्यावर निरोप घेणारी आणखी दारे बसतात.

पण ही प्रथिने तासांत, फार तर दिवसांत मोडतात. मग माहेरच्या अंगणातली तुळस साठ वर्षांनी आठवते ती कशाच्या आधारावर? फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली हीच शंका काढली होती.

न्यूयॉर्कच्या टॉड सॅक्टर यांनी पीकेएम-झीटा हे प्रथिन पुढे केले. २०१३ साली दोन गटांनी दाखवले की, ते मुळीच नसलेले उंदीरही शिकतात. झाले, पुष्कळांनी तो विषय मिटवला! सॅक्टर यांनी मात्र सोडला नाही. ही चिकाटी मला फार आवडते. २०१६ साली त्यांच्या गटाला आढळले की, ते नसले तर त्याचेच एक भावंड काम उचलते. २०२४ साली पुढचा दुवा सापडला. किब्रा नावाचे प्रथिन बळकट सांध्यावर खुणेसारखे राहते व पीकेएम-झीटाला तिथेच धरते. जुने झिजले की नवे त्याच जागी येते. आपल्या कार्यकारिणीत चेहरे बदलतात, तरी मंडळ चालतेच ना, तसे! उंदरांत ही जोडी तोडली, तेव्हा महिन्याची जुनी आठवणही गेली.

हे सारे उंदरांतले. विसराळूपणावर यातून औषध अजून निघालेले नाही; तेव्हा चहाच्या वेळी मला कोणी गोळीचे नाव विचारू नये, ही विनंती.