टेकडी एक, उपयोग अनेक



अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचा अनुवाद करताना मला सर्वांत अधिक काळ एकाच संज्ञेने अडवून धरले. ती संज्ञा म्हणजे ‘वैकल्पिक परिव्यय’. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. एक गोष्ट निवडताना आपण ज्या सर्वोत्तम पर्यायास मुकतो, तोच त्या निवडीचा खरा परिव्यय होय. आपल्या दिल्लीतील एका परिचित जागेच्या आधारे हे पाहू.

उत्तर दिल्लीतील टेकडीवर, ज्या भागास आपण रिज म्हणतो तेथे, 1830 च्या सुमारास कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याने एक प्रशस्त बंगला बांधला. 1835 मध्ये त्याचा खून झाल्यावर तो हिंदुराव घाटगे यांनी विकत घेतला. कागलच्या घाटगे घराण्यातील हे सरदार म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. 1857 च्या दिल्लीच्या वेढ्यात ही वास्तू इंग्रजी फौजेचे मोक्याचे ठाणे बनली. 1911 पासून या परिसरात रुग्णालय आहे. मालक बदलले, उपयोग बदलले. नाव मात्र हिंदुरावांचेच राहिले.

यातून पहिले तत्त्व निघते. जागा मर्यादित असते आणि तिचे उपयोग अनेक असतात. जेथे तोफा रोखल्या आहेत, तेथे त्याच वेळी निवांत निवास घडत नाही. 1932 मध्ये लायोनेल रॉबिन्स यांनी अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे : साधने दुर्मीळ असतात, त्यांचे उपयोग पर्यायी असतात, म्हणून निवड अटळ ठरते.

दुसरे तत्त्व असे की, परिव्यय पुढे पाहून मोजावयाचा असतो, मागे पाहून नव्हे. हिंदुरावांनी बंगल्यासाठी किती रुपये मोजले, याचा आजच्या परिव्ययाशी संबंध नाही. आज त्या भूमीवर दुसरे काय होऊ शकले असते, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरे तत्त्व ‘फुकट’ या शब्दाविषयी आहे. कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात रोजंदारीवरील मजूर औषधासाठी रांगेत उभा राहतो. औषधाची किंमत शून्य असते. परंतु त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते. ती कोणत्याही पावतीवर लिहिली जात नाही. पगारी रजा असलेल्या माणसास तीच रांग पुष्कळ स्वस्त पडते. किंमत सर्वांना सारखी, परिव्यय मात्र निरनिराळा! म्हणून रांग कमी करणे हीदेखील गरिबाला दिलेली मदतच होय.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. परिव्यय मोजणे म्हणजे रुग्णालय महाग आहे, सबब नको, असे म्हणणे नव्हे. रुग्णालयाच्या खाटेवर खर्चिलेला रुपया शाळेच्या फळ्यावर खर्चिता येत नाही, हे शास्त्र सांगते. खाट श्रेयस्कर की फळा, हे ते एकटे ठरवीत नाही. तो निर्णय नागरिकांचा आहे, आणि तो डोळसपणे घेतला जावा, यासाठीच हे शास्त्र शिकावयाचे.

तेव्हा यापुढे कोणी एखादी गोष्ट फुकट आहे असे सांगितले, तर दोन प्रश्न अवश्य विचारा : तिच्यासाठी काय सोडावे लागले? आणि ते कोणाला सोडावे लागले? दुसरा प्रश्न विसरू नका.