'पर्यंत' आणि 'टिल'



इंग्रजीतील 'टिल' म्हणजे 'पर्यंत', असे मुलांकडून पाठ करवून घेतले जाते. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. 'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत ये' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. मात्र थांबणे पाच वाजेतो अखंड चालते. येणे एकदाच घडते, आणि पाच ही त्याची अखेरची मर्यादा असते. मराठीत हा भेद क्रियापदावरून कळतो. इंग्रजीत त्यासाठी शब्दच निराळे आहेत : पहिल्या ठिकाणी 'टिल' किंवा 'अन्टिल', दुसऱ्या ठिकाणी 'बाय'.

शिकविताना फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्या टोकाशी 'पाच' लिहावे. टोकापर्यंत सबंध रेघ ठळक केली की 'टिल'. टोकावर किंवा त्याच्या अलीकडे कोठेही एक ठिपका दिला की 'बाय'. मग झोपणे, खेळणे, पोचणे, पाठविणे ही क्रियापदे सांगून रेघ की ठिपका, हे मुलांनाच ठरवू द्यावे. 'तो पाच वाजेपर्यंत आला नाही' हे वाक्य शेवटी घ्यावे. येथे न येणे पाचापर्यंत चालू राहिले आणि पाचाला तो आला, असे सांगावयाचे असेल, तर 'टिल'च योग्य.

'बाय'च्या जागी 'टिल' लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो. त्याने घरच्या भाषेची रीत इमानाने पाळलेली असते. त्याच्या वहीवर नुसती लाल फुली मारल्यास, आपल्याला इंग्रजी येणारच नाही, अशी त्याची समजूत होते. ती होऊ न देणे शिक्षकाच्या हाती आहे.