गटाचा हिशेब: मोबाइल आणि कॉम्प्युटरचा वायरीशिवाय मेळ

आज आपण गटाच्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत, पण वहीतल्या नव्हे, मोबाइलमधल्या. मोबाइलमध्ये लिहिलेलं वायरीशिवाय कॉम्प्युटरमध्ये कसं न्यायचं आणि दोन्हीकडचं एकसारखं कसं ठेवायचं, हा आजचा विषय.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आमच्या भागातल्या एका वाडीत एका ताईंनी बैठकीत कर्जाचा हप्ता भरला. वहीत नोंद झाली, पासबुकावर झाली, सचिवताईंच्या मोबाइलमध्येही झाली. पण डोंगराच्या कुशीतली वाडी, रेंज नाही. ती नोंद मोबाइलमध्येच बसून राहिली. तिकडे कॉम्प्युटरवर मात्र ताईंच्या नावापुढे हप्ता थकलेला दिसत होता. लावणीच्या तोंडावर कर्जाची यादी निघाली, त्यात त्यांचं नाव नाही. पासबुक समोर ठेवलं तेव्हा उलगडा झाला. पैसे कुठेच गेले नव्हते, माहिती पोचली नव्हती. पण तोवर "हप्ता का थकवलास गं?" हे त्या ताईंना कितीतरी जणींनी विचारून झालं होतं. गटात बाईची पत म्हणजे तिचा शब्द. एका न पोचलेल्या नोंदीमुळे तो शब्द खोटा ठरू नये, म्हणून हे शिकायचं.

आता, सिंक म्हणजे काय? शब्द नवा आहे, काम जुनं आहे. बैठकीत आपण गटाची वही आणि सदस्याचं पासबुक शेजारी ठेवतो आणि दोन्हीकडे बचतीचा आकडा एकच आहे ना, ते बघतो. तसाच मेळ मोबाइल आणि कॉम्प्युटर यांच्यात बसवायचा, त्याला सिंक म्हणतात. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवा: नियमित हिशेब लेखन. हे त्याचंच पुढचं पाऊल आहे.

वायरीशिवायच का? वायर वाईट नाही. पण आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. दमट हवेत चार्जिंगच्या खाचेत गंज धरतो, वायर ढिली होते, फाइल अर्ध्यावर अडकते. म्हणून दुसरा रस्ता माहीत असलेला बरा. असे दोन रस्ते आहेत. एक नेटशिवाय, दुसरा नेटवरचा.

नेटशिवायचा रस्ता म्हणजे ब्लूटूथ. हे नाव आलं डेन्मार्कच्या हाराल्ड नावाच्या राजावरून. तो हजार वर्षांपूर्वीचा. त्याचं टोपणनाव 'निळा दात', आणि त्याने वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या असं सांगतात. १९९४ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत या तंत्रावर काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून ते सगळ्यांसाठी एकसारखं करायचं ठरवलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत, म्हणून हे नाव. याला नेटपॅक लागत नाही. जवळच्या जवळ, साधारण दहा मीटरपर्यंत, रेडिओ लहरींवर काम चालतं. तुम्ही आत्ता आम्हाला ऐकताय तेही रेडिओ लहरींवरच, फक्त त्या लांब जातात.

आता पायऱ्या ऐका. शेजारी वही असेल तर लिहून घ्या.

पहिली पायरी. कॉम्प्युटरला ब्लूटूथ आहे का ते बघा. लॅपटॉपला बहुधा असतं. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला नसलं, तर बोटाच्या पेराएवढं एक यंत्र मिळतं, ते मागच्या खाचेत बसवावं लागतं.

दुसरी. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करा आणि ते पान उघडंच ठेवा. पान बंद केलंत तर दुसऱ्या यंत्राला तुमचा मोबाइल बहुधा दिसत नाही. खूप जणींची गाडी इथेच अडते.

तिसरी. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, 'ॲड डिव्हाइस' दाबा. थोड्या वेळात तुमच्या मोबाइलचं नाव दिसेल. त्यावर दाबा.

चौथी. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या येईल. ती वाचा. एकीने मोबाइलवरची मोठ्याने वाचावी, दुसरीने कॉम्प्युटरवरची ताडून बघावी. जुळली तरच होकार द्या. न वाचता होकार दिलात, तर शेजारच्या खोलीतल्या भलत्याच मोबाइलशीही जोडणी होऊ शकते. ही जोडणी एकदाच करावी लागते, पुढच्या वेळी यंत्रं एकमेकांना ओळखतात.

पाचवी. कॉम्प्युटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह असतं. त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'रिसीव्ह अ फाइल' निवडा. आता कॉम्प्युटर फाइल घ्यायला तयार आहे. मग मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो किंवा हिशेबाची फाइल निवडा, 'शेअर' दाबा, 'ब्लूटूथ' निवडा आणि कॉम्प्युटरचं नाव दाबा. आली की कॉम्प्युटर कुठे ठेवू विचारतो. गटाच्या नावाचं फोल्डर आधीच करून ठेवा.

काम झालं की ब्लूटूथ बंद करा. आपल्या कर्जत स्टेशनात घाट चढायच्या गाडीला मागून जादा इंजिन लावतात आणि लोणावळ्याला पोचली की ते सोडतात. तसंच हे. गरजेपुरतं जोडायचं, मग सोडायचं.

पण एक लक्षात घ्या. ब्लूटूथने जाते ती नक्कल. उद्या मोबाइलमधला आकडा बदललात, तर कॉम्प्युटरमधला आपोआप बदलत नाही. आपोआप बदलायला हवा असेल तर दुसरा रस्ता, नेटवरचा.

समजा गटाचा हिशेब गूगल शीटमध्ये आहे. मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये एकच खातं उघडलं, की इकडे लिहिलेलं तिकडे दिसतं. वाडीत रेंज नसते, म्हणून घरून निघण्याआधी ती शीट 'ऑफलाइन' करून ठेवा. मग बैठकीत नेटशिवाय लिहिता येतं आणि रेंजमध्ये आलं की नोंद पुढे जाते. उमेदच्या कामात लोकओएस ॲप वापरणाऱ्या ताईंनाही हे ओळखीचं वाटेल: आधी नोंद, मग नेट मिळालं की सिंक. नोंद केली म्हणजे काम झालं असं समजून मोबाइल खिशात टाकायचा नाही. चौकला, कडावला, नेरळला, जिथे रेंज मिळेल तिथे थांबून नोंद पुढे गेली का ते डोळ्याने बघायचं.

नेटवरच्या रस्त्याला चार पथ्यं आहेत.

एक, पुसताना जपून. ब्लूटूथने पाठवलेली नक्कल मोबाइलमधून पुसली तरी कॉम्प्युटरमध्ये राहते. पण जुळवलेली फाइल एकीकडे पुसली की दुसरीकडूनही जाते. मोबाइलची जागा भरली म्हणून कोणी साफसफाई करतं आणि वर्षाचा हिशेब जातो. गूगल ड्राइव्हमधली पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, तेवढ्यात परत काढता येते. त्यानंतर नाही.

दोन, लिहिणारी एकच. दोघींनी दोन मोबाइलवर रेंज नसताना एकाच रकान्यात वेगवेगळे आकडे लिहिले, तर नंतर एकच आकडा टिकतो आणि तो बरोबरचाच असेल असं नाही. बाकीच्या जणींनी बघावं, विचारावं, पण लिहायचं काम बैठकीत ठरेल तिनेच करावं.

तीन, परक्या कॉम्प्युटरवर खातं उघडं ठेवू नका. सायबर कॅफेत व्हॉट्सॲप जोडून प्रिंट काढतो आणि तसंच उठून येतो. मग आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो तिथे दिसत राहतात. उठण्याआधी मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि तो कॉम्प्युटर काढून टाका.

चार, मोबाइल कोणाचा? पुष्कळ घरांत मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. त्याने मदत करावी, चांगलंच आहे. पण गटाचं खातं गटाच्या नावाने काढा, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव यांच्याकडेच ठेवा. दहा बायकांचा हिशेब एखाद्या घरातल्या भांडणात अडकता कामा नये.

आणि वही? वही बंद करायची नाही. बैठक संपताना वहीतली आजची एकूण जमा, मोबाइलमधली एकूण जमा आणि पेटीतली रोकड, हे तीन आकडे मोठ्याने वाचायचे. जुळले की मग सह्या. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांनाही आकडा ऐकून कळतो, आपला हप्ता धरला की नाही ते त्या लगेच विचारू शकतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा. एक लॅपटॉप आणि एक मोबाइल मध्ये ठेवा आणि सहा आकडे वाचून जोडणी करा. ती सचिवांनीच करायला हवी असं नाही. जी म्हणेल "मला जमणार नाही", तिच्याच हातून करून घ्या. अडलं तर तुमच्या प्रेरिकाताईंना विचारा, आम्हाला निरोप द्या. आम्ही वाडीवर येऊ. नमस्कार.