मैफलीचे पाठीराखे



आजच्या व्याख्यानाचा विषय 'संगीत महोत्सवातील प्रमुख वादक' असा आहे. तो वाचून काहींना वाटले असेल की, आज सतारीच्या, सरोदाच्या, सनईच्या थोर थोर कलावंतांची चरित्रे ऐकावयास मिळणार. परंतु ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या उजव्याडाव्या हाताला आणि पाठीमागे बसणाऱ्यांविषयी. हस्तपत्रकात ज्यांचे नाव शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात येते, आणि कधी कधी येतही नाही, अशा साथीदारांविषयी.

'प्रमुख वादक' हा शब्द मुळात युरोपातील वाद्यवृंदाचा आहे, म्हणून थोडे तिकडून सुरू करतो. त्या वाद्यवृंदात साठ-सत्तर, कधी शंभर वादक असतात. त्यांचे विभाग असतात: व्हायोलिनवाले, बासरीवाले, तुतारीवाले. प्रत्येक विभागाचा एक मुख्य असतो. व्हायोलिनचा गज वर ओढावयाचा की खाली हे तो ठरवतो, आणि त्याच्यामागची सारी माणसे तसेच करतात. एकट्याने वाजवण्याची जागा आली तर ती त्याची. पहिल्या व्हायोलिनचा जो मुख्य, तो साऱ्या वाद्यवृंदाचा कारभारी. वाद्ये जुळवावयाची वेळ आली म्हणजे 'ओबो' नावाचे सुषिर वाद्य एक स्वर धरून ठेवते आणि बाकीचे त्याला मिळतात. पुढे उभा राहून काठी हलवणारा संचालक स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. म्हणून कार्यक्रम संपला म्हणजे तो आधी मुख्य व्हायोलिनवाल्याचा हात हातात घेतो आणि मग एकेका प्रमुख वादकाकडे बोट करून त्याला उभे करतो. टाळ्या त्या एकेकाला मिळतात.

स्वित्झर्लंडमध्ये लुसर्न नावाचे तळ्याकाठचे एक शहर आहे. हिटलरच्या जर्मनीत आणि त्याने गिळलेल्या ऑस्ट्रियात वाद्यवृंद चालविण्याचे ज्याने नाकारले, त्या आर्तुरो तोस्कानिनीने १९३८ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे निवडक वादक गोळा करून कार्यक्रम केला. त्यातून तेथील उन्हाळी महोत्सव उभा राहिला. पुढे २००३ मध्ये क्लाउदिओ अब्बादो याने त्या महोत्सवाचा वाद्यवृंद नव्याने बांधला, तेव्हा मोठमोठ्या वाद्यवृंदांतील प्रमुख वादकच त्याने तेथे आणून बसविले. वर्षभर आपापल्या गावी मुख्य असलेली ही माणसे उन्हाळ्यात तेथे जमतात आणि शेजाऱ्याकडे कान देऊन वाजवतात. त्या वाद्यवृंदाची कीर्ती या ऐकण्यावर उभी आहे.

आता आपल्या मैफलीकडे वळू. आपल्याकडे काठी हलवणारा कोणी नाही आणि पुढ्यात लिहिलेला कागदही नाही. गवई पुढच्या क्षणी काय करणार हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी त्याच्याबरोबर चालावयाचे, म्हणजे अंधारात दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकण्यासारखे आहे. मग आपले प्रमुख वादक कोण? तंबोरेवाला, तबलजी, आणि सारंगिया किंवा पेटीवाला. एवढ्या चौघापाच जणांचा आपला वाद्यवृंद. त्यात विभाग नाहीत; जो तो आपल्या विभागाचा मुख्य.

युरोपात जे काम ओबो क्षणभर करतो, ते आपला तंबोरा मैफल संपेपर्यंत करतो. बहुधा एखादा शिष्य तो धरून मागे बसतो. ताना नाहीत, तिहाया नाहीत, चार तारा एका संथ गतीने छेडीत राहावयाचे. पण त्याचे बोट एकदा अडखळले तर गवयाच्या पायाखालची जमीन हलते. हा तंबोरा आपल्या शेजारी, मिरजेला तयार होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळवून तेथील कारागीर ही वाद्ये बांधतात. हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तंतुवाद्यांकडे वळविला. घोडीवर तारेखाली एक दोरा केसभर पुढेमागे सरकवून ते जवारी लावतात, आणि मुकी तार बोलू लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाला नाव मिळाले ही आनंदाची गोष्ट. पण आपण ऐकलेल्या शेकडो मैफलींतला तंबोरा कोणी बांधला आणि कोणी छेडला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

तालाचे तर आपण मालकच आहोत. पखवाजाच्या इतिहासात ज्यांच्या नावाने घराणे चालते ते नानासाहेब पानसे आपल्या सातारा जिल्ह्यातले, वाईजवळच्या बावधनचे. पुढे ते इंदूरच्या दरबारात मानाने राहिले आणि सखारामपंत आगळ्यांसारखे शिष्य त्यांनी तयार केले. या कृष्णाखोऱ्यात देवळादेवळांतून भजन चालते. त्यातला मृदंग ज्याने कान देऊन ऐकला आहे, त्याला पानसे घराण्याचा मोठेपणा निराळा समजावून सांगावा लागत नाही. भजनात बुवा चुकला तर मृदंगवाला त्याला सावरून घेतो, आणि कोणाला कळूही देत नाही. साथीचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

शेजारच्या खटाव तालुक्यातील औंधचे उदाहरण घ्या. औंधच्या दरबारचे गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० पासून तेथे संगीताचा उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांचे गवई, आणि तेवढेच तोलाचे व्हायोलिनवादक. आता पाहा, जे व्हायोलिन युरोपात शंभर वादकांचा कारभारी, ते आपल्या गजाननबुवांच्या मांडीशी येऊन ख्याल गाऊ लागले. त्यांचा गज गळ्याच्या मागे जाई, कारण गळाही त्यांचाच होता. साथ करणाऱ्याला गाणे यावे लागते, म्हणतात ते असे.

नाटकाच्या रंगभूमीने तर साथीला सिंहासनच दिले होते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे. हायवेवरचे आपले नागठाणे नव्हे, सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे. त्यांनी रंगमंचापुढच्या जागेत कोण बसवले? तबल्यावर अहमदजान थिरकवाखाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. थिरकवाखाँसाहेब मुरादाबादचे, पुढे ते रामपूर दरबारी गेले, लखनौच्या भातखंडे विद्यालयात शिकवू लागले, १९७० मध्ये पद्मभूषण झाले. पण ऐन उमेदीची वर्षे या थोर तबलजीने मराठी नाटकाच्या पदांना ठेका धरण्यात घालविली. तो वेळ वाया गेला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या पुन्हा ऐकाव्यात. पद संथपणे फुलत जाते, ते खालचा ठेका निश्चल असतो म्हणूनच. आणि कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीची साथ करता करता एवढे मोठे झाले की, १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली त्यांनीच बांधल्या. साथीदाराच्या कानात किती गाणे साठलेले असते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो. ती कडू आहे.

सारंगी हे माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळचे वाद्य. बोटांच्या पेरांनी नव्हे, नखांच्या मुळांनी तार दाबावयाची. खाली पस्तीसच्या आसपास तरफा, त्या रोज जुळवावयाच्या. पण हे वाद्य कोठीवर वाजत असे. त्यामुळे गाणे प्रतिष्ठित झाले आणि सारंगिया तसाच बाहेर उभा राहिला. रामनारायण नावाचे उदयपूरकडचे सारंगिये मुंबईत आले. बड्याबड्या गवयांना साथ करून झाल्यावर, १९५४ मध्ये, मुंबईतल्या एका महोत्सवात ते एकट्याने वाजवावयास बसले. पुढच्या नामांकित कलावंतांसाठी खोळंबलेल्या श्रोत्यांनी त्यांना उठविले. त्यांनी १९५६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला. त्यानंतर त्यांनी साथ करणे सोडले, जगभर सारंगी नेली, २००५ मध्ये पद्मविभूषण झाले, आणि २०२४ मध्ये वारले. आपण त्यांच्या यशाच्या टाळ्या वाजवतो. पण त्यांना मान मिळाला तो साथ सोडल्यावर, ही गोष्ट आपण श्रोत्यांनी मनाला लावून घ्यावी अशी आहे.

पेटीची कथा निराळी. पेटीला मींड नाही, तिचे स्वर ठोकळ्यासारखे पक्के, असा आक्षेप घेऊन रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती जवळजवळ तीस वर्षे चालली. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. परंतु गावोगावच्या मैफली, कीर्तने आणि नाटके पेटीवाल्यांनी तोलून धरली होती, आणि त्याच पेटीवर मींडेचा भास निर्माण करणारे हात महाराष्ट्रात व बेळगावकडे तयार होत होते. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, गोविंदराव पटवर्धन, बेळगावचे रामभाऊ विजापुरे ही नावे घेतली की जाणकारांचे चेहरे उजळतात. बंदी वाद्यावर होती. तिचा भुर्दंड माणसांनी भरला.

सिनेमाच्या वाद्यवृंदाचेही असेच झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी व्हायोलिन, ट्रंपेट, चेलो वाजविले आणि त्यांतल्या काहींनी वाद्यमेळ लिहून दिला. पडद्यावर बहुधा त्यांचे नाव येत नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शंभरावर वादकांचा वृंद उभा करून आपल्या रागांना त्या वृंदात बसविले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि गुरूचे ऋण म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात ते नाव गुंफले गेले. सारा देश ते गाणे गुणगुणला, पण त्या नावाचा माणूस खरोखरीच होता हे फार थोड्यांना ठाऊक होते.

कोणी म्हणेल, साथीदाराने मागे राहणे हाच तर त्याचा धर्म! तो पुढे पुढे करू लागला तर गाणे बिघडेल. हे अगदी बरोबर आहे. तबल्याची आणि गवयाची कुस्ती लागलेली मैफल मलाही नको वाटते. परंतु दोन गोष्टींची गल्लत करू नये. गाणे चालू असता मागे राहणे ही त्याची कला आहे. गाणे संपल्यावर त्याला विसरणे हा आपला आळस आहे. पहिल्याला वंदन करावे आणि दुसऱ्याला उठवून बसवावे.

मंडळी, यात केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. ज्या कामाला नाव नाही आणि बिदागीही बेताची, त्या कामाकडे पुढची पिढी का वळावी? बारा-पंधरा वर्षे रियाज करून शेवटच्या ओळीत बसावयाचे असेल, तर हुशार मुलगा म्हणेल, मी एकट्यानेच वाजवीन. सारंगीचे हे आपल्या डोळ्यांदेखत झाले. आज महाराष्ट्रातल्या मैफलीत सारंगीची साथ क्वचित कानी पडते. सगळेच नायक झाले आणि पाठीराखा उरला नाही, तर मैफल उभी कोणाच्या आधारावर राहील?

म्हणून माझे मागणे लहान आहे आणि ते आपल्या हातातले आहे. गावात उत्सव असो, नाटक असो, भजन असो, पत्रकात साथीदारांची नावे पूर्ण आणि वाचता येतील अशा टाइपात छापा. आभार मानताना 'साथीदारांचेही आभार' एवढ्यावर भागवू नका. एकेकाचे नाव घ्या आणि त्याला उभे करा. बिदागी आधी ठरवा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला मागावी लागू नये एवढे पाहा. तंबोरा छेडीत बसलेल्या मुलालाही चहा विचारा. आणि ऐकताना निदान एका पदापुरते तरी गवयावरून लक्ष काढून खालच्या ठेक्याकडे कान द्या. तुम्हांला नवेच गाणे ऐकू येईल.

समर्थांनी या परिसरात मारुतीची मंदिरे उभारली. त्यांतला एक मारुती आपल्या उंब्रजला आहे. रामाच्या कथेत मारुती कोण? सेवक, पाठीराखा. तरी चाफळला रामाचे दर्शन घेणारा माणूस मारुतीपुढेही हात जोडूनच पुढे जातो. हा न्याय आपल्याला देवळात कळला आहे. तोच मैफलीत पाळावा.