दोन मैत्रिणी आणि एक कार्ड



  

अध्यक्ष म्हणून मी मराठीतल्या हलक्याफुलक्या कथेचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणात लिहिलं होतं. आढाव्याची टिपणं कार्यवाहांकडे दिली आहेत, ती छापील भाषणाला जोडली जातील. हाती आहे तो वेळ मला एकाच गोष्टीसाठी हवा आहे. सिनेमाच्या धंद्यात राबणाऱ्या, पुढे जायची जिद्द असलेल्या दोन मैत्रिणींची हसती-खेळती गोष्ट आपण मराठीत जवळपास लिहिलीच नाही, आणि कुणी लिहिली तर ती सरळ छापली नाही.

मी लिहू लागले ती सेटवर केस बांधता बांधता. खोपे, अंबाडे, गंगावनं, आकड्यांचा डबा हे माझं काम. तेव्हा सिनेमातल्या मेकअप-हेअरड्रेसरांच्या संघटनेत बाईला हेअरड्रेसरचं सभासद-कार्ड मिळे, मेकअपचं मिळत नसे. मेकअप पुरुषांनीच करायचा, हा नियम होता. माझ्यासोबत एक मैत्रीण होती. तिच्या हातात पॅनकेकचा स्पंज आला की चेहरा उजळून निघे. हे मेकअपदादांनाही ठाऊक होतं, नायिकेलाही. म्हणून खोलीला आतून कडी लागे, मेकअप ती करी आणि श्रेयनामावलीत नाव दादांचं लागे.

एकदा आउटडोअरला अचानक कार्डं तपासायला संघटनेची माणसं आली. नायिकेचा अर्धा चेहरा झालेला, अर्धा व्हायचा होता. मी मैत्रिणीच्या हातातला स्पंज काढून घेतला आणि तिथे गंगावन कोंबलं. नायिका आरशासमोरून उठलीच नाही. आलेल्या माणसांना म्हणाली, ‘माझा मेकअप मीच करते, त्याला कार्ड लागतं का?’ आता ती माणसं बघत उभी राहिली, तेव्हा बाईंना ब्रश चालवून दाखवणं भाग पडलं. डावी भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत गेली. कॅमेरामनने काय ते ओळखलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे शॉट उजवीकडून घेतले. रात्री खोलीवर आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, ‘एक दिवस पडद्यावर माझं नाव येणार.’ मी म्हटलं, ‘माझ्या आधी आलं तर बघ.’

या प्रसंगावर मी कथा लिहिली. एका नावाजलेल्या मासिकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलं होतं की कथा चुरचुरीत आहे, पण दोघींचं भांडण कुठे आहे? एखादा नायक मध्ये आणा, एकीने दुसरीचा विश्वासघात करू द्या, मग विचार करू. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. कोणत्या अनुभवाच्या जोरावर हे लिहिलं गेलं? आमच्यात भांडणं होत असत, पण ती शिफ्ट कुणी घ्यायची, थकलेलं पेमेंट मागायला कुणी जायचं यावरून. नायकावरून एकदाही झालं नाही. आम्हांला त्याच्या विगचीच काळजी पुरे होती.

आणि बायकांची ही सोबत सिनेमाच्या जन्मापासूनची आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये भारतीय पडद्यावर प्रथमच बायका दिसल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. मायलेकी एकमेकींच्या सोबतीने आल्या. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके रसायनांत हात घालून फिल्म धूत होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत होत्या. १९३९ साली अभिनेत्री शांता आपटे कराराच्या वादावरून प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या. एवढी खमकी बाई दुसऱ्या कुठल्या भाषेला मिळाली असती, तर तिच्या वळणाच्या डझनभर नायिका कथा-कादंबऱ्यांत हिंडताना दिसल्या असत्या.

आपण काय केलं? अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र वाचलं आणि तो एकच साचा धरून बसलो. ते पुस्तक मोठं आहे, त्यातलं दुःख खरं आहे. पण ते त्यांचं होतं. सिनेमातली प्रत्येक बाई त्याच वाटेने नेऊन शेवटी रडवलीच पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला नव्हता.

मैत्रीची विनोदी गोष्ट आपल्याला जमत नाही असंही नाही. सई परांजप्यांचा ‘चश्मेबद्दूर’ घ्या, एका खोलीत राहणारे तीन मित्र. ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या, चार मित्र, आणि त्यांतल्या दोघांना घरासाठी लुगडी नेसावी लागतात. मराठी माणसाला पाठ असलेल्या या चित्रपटात बायकांच्या वेशातली धमालही पुरुषांनीच केली! अलीकडे ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ आले, बायकांनी थिएटरं भरली, मला अतोनात आनंद झाला. पण एकीकडे सहल आहे, दुसरीकडे मंगळागौर. बायका एकत्र येतात त्या कामाला सुट्टी देऊन. कामावरच जुळलेली, कामावरच कस लागणारी मैत्री अजून बाकी आहे.

काल परिसंवादात एक विदुषी म्हणाल्या की अशा धंद्याबद्दल हसत लिहिणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, पण मी त्या बंद खोलीत होते. बाईला मेकअपचं कार्ड न देणारा तो नियम किती पोकळ आहे हे मला त्या वाकड्या भुवईने जितकं दाखवलं, तितकं कुठल्याही निवेदनाने दाखवलं नाही. १० नोव्हेंबर २०१४ रोजी, मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. त्या संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी पुन्हा त्या भुवईवरच हसत होतो. तोवर तिचे गुडघे गेले होते आणि सेट सुटला होता. कार्ड तिला कधीच मिळालं नाही. हे मी लिहिते तेव्हाही हसतच लिहिते, कारण ती तशीच होती आणि तिला रडकी करणं हाही अन्यायच.

त्याच परिसंवादात दुसरा मुद्दा निघाला की महत्त्वाकांक्षी नायिका वाचकांना रुचत नाही. परत आलेली ती कथा मी एकदा लायटिंग चालू असताना ज्युनिअर आर्टिस्ट बायकांना वाचून दाखवली होती. संपल्यावर एकीनेही विचारलं नाही की तिचं लग्न झालं का. सगळ्यांनी एकच विचारलं, ‘तिला कार्ड मिळालं का?’

पडद्यामागच्या बायकांशी, म्हणजे हेअरड्रेसर, कॉस्च्युम, कंटिन्युटी, एडिटिंग सांभाळणाऱ्यांशी बोलून त्यांच्या कथांचा एक संग्रह काढावा, असं माझ्या मनात आहे. नव्या लेखिकांना चार दिवस सेटवर नेऊन बसवण्याचंही बोलणं झालं आहे. त्याचा तपशील कार्यकारिणी ठरवील.

तरुण लेखिकांनो, तुमच्या दोघी मैत्रिणींना आधी काम द्या, हातात काय धरतात ते नीट लिहा, आणि दोघींनाही मोठं व्हायचं आहे हे लपवू नका. आणि इथे बसलेल्या संपादकांना माझी विनंती आहे, दिवाळी अंकांची जुळणी आता सुरू होईल. अशी एक तरी कथा घ्या, आणि तिच्यात नायक घुसवायला सांगू नका.