प्लॉट घेताय? आधी नकाशा बघा



गावाबाहेरच्या रस्त्यावर पाटी दिसते.
'एनए प्लॉट, हप्त्याने उपलब्ध.'
शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात.
पण चुन्याची रेघ म्हणजे मंजूर रेखांकन नव्हे!

रेखांकन, म्हणजे आपण ज्याला ले-आउट म्हणतो, तो एक नकाशा असतो.
त्यात प्लॉट असतात, रस्ते असतात, मोकळी जागा असते.
मंजुरीचे टप्पे दोन.
आधी तात्पुरती मंजुरी.
मग जमीनमालकाने रस्ते, गटारे करायची.
त्यानंतर अंतिम मंजुरी.
विकणारा नेमका पहिलाच कागद दाखवतो, आणि आपण खूश होतो.
तेव्हा विचारा: मंजुरी तात्पुरती, की अंतिम?

आता एनए, म्हणजे अकृषिक.
जमीन शेतीऐवजी दुसऱ्या कामाला वापरता येईल, एवढाच त्याचा अर्थ.
प्लॉटची आखणी मंजूर आहे, असा नव्हे.

मोठ्या ले-आउटमध्ये साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो.
तिथे मुलांनी खेळायचं.
ती जागा प्लॉट पाडून विकता येत नाही.

आणि गुंठेवारी?
मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन.
अशा जमिनीवरची जुनी बांधकामं नियमित करण्यासाठी 2001 साली खास कायदा करावा लागला.
यावरून घोळ केवढा, ते समजून घ्या.

म्हणून पुन्हा सांगते.
नुसत्या सातबारावर थांबू नका.
अंतिम मंजुरीचा शिक्का असलेला नकाशा मागा.
तो महापालिकेत, नगरपालिकेत किंवा नगररचना कार्यालयात पडताळा.
आणि मगच विसार द्या.